शक्तिग्रहाची साधने : मोल्सवर्थचा कोश आणि भाषांतरयंत्र

शब्दाचा अर्थ माणसाला कोणकोणत्या वाटांनी कळतो, ह्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडील नैयायिकांनी ‘शक्तिग्रह’ ह्या नावाखाली केली आहे. शब्दाला अर्थाशी जोडणारी शक्ती ज्ञात होण्याची आठ साधने त्यांनी मोजली : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि सिद्धपदाचे सान्निध्य. विश्वनाथाच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त ज्या श्लोकाच्या रूपाने ही यादी येते तो संस्कृतच्या विद्यार्थ्यांना बहुधा पाठ असतो. ह्या यादीत कोश तिसरा आहे आणि त्याला कसलाही खास मान दिलेला नाही. मूल भाषा शिकते ती वृद्धव्यवहारातून. एक वडीलधारा दुसऱ्याला गाय आणावयास सांगतो, तो आणतो. मग गाय बांधावयास सांगतो, घोडा आणावयास सांगतो. ऐकणारे मूल वाक्यात काय बदलले व कृतीत काय बदलले हे ताडून पाहते आणि ‘गाय’ व ‘आणणे’ ही दोन पदे वेगळी काढते. शब्दांच्या ह्या घाल-काढीला शास्त्रकारांनी ‘आवाप-उद्वाप’ म्हटले आहे.

प्रौढपणी परभाषा शिकणाऱ्याच्या वाट्याला हा वृद्धव्यवहार येत नाही, किंवा तुटपुंजा येतो. मग तो कोशाकडे वळतो, आणि आता भाषांतरयंत्राकडे. शिकणाऱ्याने कोश वापरावा की नाही, यंत्राची मदत घ्यावी की नाही, असा वाद अध्यापनशास्त्रात पुष्कळ रंगला आहे. पण त्यातून फारसे हाती लागत नाही, कारण तेथे कोशाला एकजिनसी वस्तू मानलेले असते. एक कोश आणि दुसरा कोश ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. तेव्हा विचारावयाचे ते असे, की कोश म्हणून जे पुस्तक आपण उघडतो त्यात उरलेल्या सात साधनांपैकी किती सामावलेली आहेत, आणि यंत्र म्हणून जे हाती येते त्यात किती. प्रस्तुत लेखात हा विचार मराठी भाषेपुरता आणि मुख्यत्वे एका कोशाच्या आधाराने केला आहे.

तो कोश म्हणजे अर्थातच मोल्सवर्थचा. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी. जॉर्ज आणि टॉमस ह्या कँडी बंधूंच्या साहाय्याने आणि मराठी शास्त्र्यांच्या मदतीने त्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. पुष्कळ वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्यापूर्वी विल्यम कॅरीचा कोश १८१० मध्ये श्रीरामपुराहून मोडी अक्षरांत निघाला होता, आणि व्हान्स केनेडीचा १८२४ मध्ये. पण मोल्सवर्थच्या कोशापुढे हे दोन्ही शब्दसूचीच ठरतात. येथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. मोल्सवर्थ हा स्वतः मराठी शिकणारा होता. ज्याला ही भाषा आईकडून मिळाली नाही अशा माणसाने, आपल्यासारख्याच इतरांसाठी, आपल्याला जेथे जेथे अडले तेथे तेथे खूण करून ठेवावी, असे ह्या सुमारे नऊशे पानांच्या ग्रंथाचे स्वरूप आहे. १८२९ साली शास्त्रीमंडळींनी रचलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हा मराठीचे मराठीत अर्थ देणारा कोश. त्याची योग्यता मोठी आहे, परंतु ज्याला भाषा येते त्याने ती येणाऱ्यासाठीच तो लिहिला असल्यामुळे सर्वांत अवघड गोष्टी त्यात गृहीत धरल्या जातात. अवघड गोष्टी म्हणजे दुर्बोध शब्द असे कोणी समजू नये. दुर्बोध शब्दाचा अर्थ कोणताही कोश देतो. परक्याला अडवतात ते ‘लागणे’, ‘पडणे’, ‘बसणे’ असले घरगुती शब्द.

‘लागणे’ हेच क्रियापद पाहावे. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, नजर लागते. आंबा गोड लागतो, कामाला वेळ लागतो, प्रवासाला पैसे लागतात. मूल रडू लागते, मनाला एखादी गोष्ट लागते, आणि एक मनुष्य दुसऱ्याचा मामा लागतो. मराठी माणसाला ह्या प्रयोगांत काही विशेष आहे असे वाटत नाही. परक्याला मात्र ह्या एका शब्दासाठी आपल्या भाषेतील दहा-बारा वेगवेगळे शब्द आठवावे लागतात, आणि मग प्रश्न पडतो की हा शब्द एक आहे की अनेक. मोल्सवर्थची पद्धत अशी की तो अर्थांना क्रमांक देतो, प्रत्येक अर्थाबरोबर वाक्प्रचार देतो, शब्द कवितेतलाच असेल तर तसे नोंदवतो, कोकणापुरता असेल तर तेही सांगतो, आणि संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी असे मूळ दाखवतो. ‘पाणी’, ‘हात’, ‘डोळा’ ह्या शब्दांखालचे वाक्प्रचार वाचू लागले की ती नोंद संपता संपत नाही. वाचणारा चिकट असेल तर ‘लागणे’च्या पसाऱ्यामागे स्पर्शाची, सलगतेची एक मूळ कल्पना आहे हे त्याचे त्यालाच उमगते, ठेच लागणे आणि मामा लागणे ह्यांच्यातील नाते हे स्पर्शाचेच नाते आहे. शास्त्रकारांच्या भाषेत बोलायचे तर येथे कोशाने स्वतःच्या पोटात विवृती, वाक्यशेष आणि थोडाफार व्यवहारही आणून ठेवला आहे. ‘झोप आली’ आणि ‘झोप लागली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहणाऱ्याला (पहिल्यात माणूस जागा असतो, दुसऱ्यात नसतो) आवाप-उद्वापाचाच धडा मिळतो, फक्त गाय आणणाऱ्या वडीलधाऱ्याऐवजी छापील पान असते.

दुसरे उदाहरण ‘वेळ’ ह्या शब्दाचे. गाडीची वेळ झाली असे आपण म्हणतो, आणि येऊन बराच वेळ झाला असेही म्हणतो. शब्द एकच, लिंगे दोन. स्त्रीलिंगी ‘वेळ’ म्हणजे काळाचा नेमका बिंदू, पुल्लिंगी ‘वेळ’ म्हणजे काळाचा विस्तार. नाम पुल्लिंगी व स्त्रीलिंगी आहे एवढेच सांगणारा कोश ह्या ठिकाणी शिकणाऱ्याला रस्त्याच्या मध्यावर सोडून देतो. त्याला दोन वाक्ये हवी असतात. ‘मान’ आणि ‘हार’ ह्यांच्या बाबतीत लिंग बदलले की शब्दच बदलतो आणि म्हणून घोटाळा लवकर लक्षात येतो; ‘वेळे’च्या बाबतीत तो वर्षानुवर्षे येत नाही. मराठीत उत्तम बोलणारे कित्येक अमराठी लोक ह्या एका शब्दाने ओळखू येतात.

कोश वापरणे ही मराठीत स्वतंत्र विद्या आहे, हेही येथेच सांगावयास हवे. इंग्रजी वाचणारा पानावरचा शब्द थोडाफार कापून कोशात शोधू शकतो. मराठी वाचणाऱ्याला पानावर भेटतो तो बहुधा शब्द नसतोच, त्याचे सामान्यरूप असते. ‘देवळात’ ह्यासाठी ‘देऊळ’, ‘पावसाने’ ह्यासाठी ‘पाऊस’, ‘कापसाचा’ ह्यासाठी ‘कापूस’, ‘शिंप्याला’ ह्यासाठी ‘शिंपी’, ‘फुलांना’ ह्यासाठी ‘फूल’ : ज्याला मराठीचे विभक्तिविकार ठाऊक नाहीत त्याला कोश उघडताच येत नाही. म्हणजे कोशाच्या दारावर व्याकरण उभे आहे. आठ साधनांच्या यादीत व्याकरण पहिले आणि कोश नंतर आला हे मराठीपुरते तरी अगदी यथार्थ आहे. ‘भावाला’ हे रूप ‘भाऊ’ ह्या शब्दाचेही आहे आणि ‘भाव’ ह्या शब्दाचेही. सोदराची गोष्ट चालली आहे, धान्याच्या दराची की मनोवृत्तीची, ह्याचा निवाडा कोशाकडे जाण्यापूर्वीच, वाक्य वाचून, करावा लागतो. त्यात भर लेखनपद्धतीची. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी व्युत्पत्तीने येणारे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. मोल्सवर्थमध्ये ते सर्व जागच्या जागी आहेत. आज शाळेत शिकलेला विद्यार्थी तेथे ‘नाव’ हा शब्द शोधतो तेव्हा त्याला होडी सापडते, कारण माणसाचे ‘नांव’ अनुस्वारासह दुसरीकडे आहे.

ह्या अडचणींचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बँकेत बदलून आलेल्या कारकुनाला समोरच्या म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन का अडले आहे हे समजून घ्यायचे असते. ‘देऊळ’ शब्दाचे सामान्यरूप त्याच्या आड येता कामा नये. पण शिकण्याचे म्हणून जे काम आहे त्यातील बराच मोठा भाग ह्या दारातच घडतो, हे नाकारता येत नाही. शब्द शोधण्यासाठी वाक्य आधी अर्धेमुर्धे समजून घ्यावे लागणे हा कोशाचा दोष मानला जातो. मला तो त्याचा सर्वांत मोठा उपयोग वाटतो.

एका वर्गाविषयी ओझरते सांगून पुढे जातो. मराठी शिकणाऱ्यांत आज सर्वांत मोठा भरणा हिंदी भाषकांचा असावा. लिपी एकच असल्यामुळे कोशाची गरज त्यांना वाटत नाही, आणि नेमकी त्यांनाच ती असते. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘अभ्यास’, ‘संसार’, ‘राग’, ‘खाली’ हे शब्द दोन्ही भाषांत आहेत आणि दोन्हींत त्यांचे अर्थ निराळे आहेत. अनोळखी शब्द आपण अनोळखी आहोत हे सांगतो तरी. हे शब्द ओळखीचे सोंग घेऊन येतात.

आता कोशाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. द्वैभाषिक कोश हा एका मूलभूत भ्रमावर उभा असतो, तो असा की दोन भाषांतील शब्दांच्या सीमारेषा एकमेकींवर बसतात. सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी हा भ्रम तात्त्विक पातळीवर दूर केला : शब्दाचे मूल्य त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरते, त्याच्या भाषेबाहेरील एखाद्या वस्तूवरून ठरत नाही. मराठीत ‘आपण’ आहे म्हणून ‘आम्ही’ला ऐकणाऱ्याला वगळण्याचा अर्थ आहे, ज्या भाषेत ह्या दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे त्या भाषेतील ते सर्वनाम ‘आम्ही’चे भाषांतर करते असे म्हणणे म्हणजे ‘आम्ही’च्या अर्धांगाचे भाषांतर करणे होय. मोल्सवर्थ ह्या भ्रमातून सुटलेला नाही. सुटणे शक्यही नव्हते. पण त्याच्या कोशात समानार्थी शब्दाऐवजी पुष्कळदा चांगले दोन-तीन ओळींचे वर्णन येते, आणि एक इंग्रजी शब्द पुरेसा नाही ही त्याची कबुली त्या वर्णनाच्या लांबीतच असते.

त्याहून गंभीर मर्यादा सामाजिक आहे. ज्या शास्त्र्यांच्या मुखातून ही भाषा त्याने ऐकली ते ब्राह्मण होते. जातिवाचक शब्दांच्या नोंदींत त्या वर्गाने पाहिलेली उतरंड शब्दाचा अर्थ म्हणूनच नोंदवलेली आढळते. कोशाला येथे निर्दोष ठरवण्याची गरज नाही. इतकेच की ह्या दोषाला तारीख आहे आणि माणसाचे नाव आहे. १८५७ साली कोणी, कोणाला विचारून, हे लिहिले हे वाचणाऱ्याला माहीत असते, आणि म्हणून त्या नोंदीशी भांडता येते.

शिकणाऱ्यासाठी केलेले साधन पुढे भाषेच्या धन्यावरच हुकूम चालवू लागते, ही ह्या कथेतली सर्वांत विचार करण्याजोगी घटना. टॉमस कँडी हा मोल्सवर्थचा सहकारी. मोल्सवर्थने हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश त्याने १८४७ मध्ये पुरा केला. तो पुढे सरकारचा मुख्य मराठी भाषांतरकार झाला. शाळांतील क्रमिक पुस्तके त्याच्या नजरेखालून गेल्याखेरीज छापली जात नसत, आणि आज आपण जी विरामचिन्हे वापरतो त्यांचा मराठीतील प्रघातही १८५० सालच्या त्याच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ह्या पुस्तिकेकडे जातो. म्हणजे जो मराठी शिकला होता त्याने मराठी मुलांना प्रमाण मराठी शिकवली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली ती मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीचा विचार करीतच. इंग्रजी वळणाच्या मराठीवरचा त्यांचा राग प्रसिद्ध आहे. पण ज्या वाक्यांतून तो राग प्रकट झाला त्या वाक्यांतील स्वल्पविराम आणि अर्धविराम कँडीसाहेबाच्या शाळेतले होते. ह्यात विनोद आहे, तसाच इशाराही.

कोशाने भाषेवर हुकूम चालवण्याचे प्रयत्न आपल्याकडे देशी हातांनीही झाले आहेत. शिवकालीन ‘राजव्यवहारकोश’ फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसवण्यासाठीच रचला गेला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर निघालेल्या ‘पदनाम कोशा’ला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले ते सर्वांना आठवते. माधव जूलियन ह्यांचे उदाहरण तर विलक्षणच आहे : ज्यांनी १९२५ साली ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध केला तेच पुढे भाषाशुद्धीच्या पक्षाचे धुरीण झाले. एका कोशात शब्दांना घरे द्यायची आणि चळवळीत त्यांना घराबाहेर काढायचे! तथापि ह्या सर्व प्रयत्नांत कोण हुकूम करतो आहे हे उघड होते, आणि उघड असल्यामुळेच त्यांच्यावर टीका झाली, थट्टा झाली, काही शब्द रुजले आणि पुष्कळसे वाळून गेले.

मराठी समीक्षेने ह्या बाबतीत फार वरच्या पट्टीत बोलू नये हे बरे. ‘संहिता’, ‘संरचना’, ‘विरचना’, ‘चिन्हमीमांसा’ ही आपली परिभाषा इंग्रजी (आणि इंग्रजीच्या आडून फ्रेंच) शब्दासमोर मराठी शब्द मांडण्याच्या उद्योगातूनच आली. आपल्यातील कित्येक सैद्धान्तिक लेख समजण्यासाठी वाचकाला मनातल्या मनात ते इंग्रजीत करून पाहावे लागतात. म्हणजे गेल्या काही दशकांची मराठी समीक्षा ही परभाषा शिकणाऱ्याने कोश उशाशी घेऊन लिहिलेली मराठी आहे. तीत काही चांगलेही लिहिले गेले. पण यंत्राच्या मराठीला हसण्यापूर्वी हे लक्षात असावे.

यंत्राला हसण्याचे दिवस तसेही संपले आहेत. गूगलच्या भाषांतरसेवेत मराठीचा समावेश २०१३ साली झाला तेव्हा शब्दास शब्द ठेवलेली वाक्ये मिळत आणि ती करमणुकीसाठी एकमेकांना वाचून दाखवली जात. २०१७ पासून मराठीसाठी कृत्रिम मज्जाजालांवर आधारलेली पद्धत आली आणि पूर्ण वाक्य एकसंधपणे हाताळले जाऊ लागले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. आता तर प्रश्न विचारला असता मराठीत उत्तर देणारी, निबंध लिहून देणारी यंत्रे सर्वांच्या खिशात आहेत. त्यांची मराठी व्याकरणदृष्ट्या बहुधा सुबक असते. ‘झोप आली’ आणि ‘झोप लागली’ ह्यांतला भेद त्यांना सहसा कळतो, कारण ती पदाचा अर्थ सुटा घेतच नाहीत. पद कोणत्या पदांच्या संगतीत येते ह्याच्या असंख्य नमुन्यांवरून त्यांचे काम चालते. मीमांसकांच्या दोन पक्षांची येथे आठवण होते. कुमारिलाच्या अभिहितान्वयवादात पदे आधी आपापले अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय होतो. प्रभाकराच्या अन्विताभिधानवादात पद अन्वित झालेलाच अर्थ सांगते. छापील कोश हा स्वभावतः अभिहितान्वयवादी आहे. यंत्र, तुलना ताणायची झाली तर, प्रभाकराच्या बाजूचे आहे, आणि निदान ह्या एका मुद्द्यावर भाषेच्या वास्तवाला ते कोशापेक्षा जवळचे आहे. ‘भावाला’ म्हणजे भाऊ की भाव, ह्याचा निवाडा ते वाक्य पाहून क्षणात करते.

मग उणे काय? पहिले उणे नमुन्यांचे. यंत्राला भाषांतर शिकवण्यासाठी इंग्रजी आणि मराठी वाक्यांच्या जोड्या लागतात. मद्रासच्या आयआयटीतील संशोधकगटाने २०२१ मध्ये उपलब्ध केलेल्या ‘समानंतर’ ह्या भांडारात अशा जोड्या मोठ्या प्रमाणावर आहेत. सरकारी संकेतस्थळे, वृत्तसंस्था, शैक्षणिक व्याख्याने अशा ठिकाणांहून त्या गोळा केल्या जातात. म्हणजे जी मराठी मुळातच इंग्रजीतून आलेली आहे तीच मराठी यंत्राला मराठीचा आदर्श म्हणून दाखवली जाते. ‘च्याद्वारे’, ‘केले गेले’, ‘सुनिश्चित करा’ ह्यांची रेलचेल यंत्राच्या गद्यात का असते ह्याचे उत्तर येथे आहे. ते त्याचे स्खलन नसून त्याचे कुलशील आहे. मोल्सवर्थचे शास्त्री कितीही एका जातीचे असले तरी ते मराठीत भांडत, जेवत आणि हिशेब करीत होते.

दुसरे उणे लिंगवचनाचे आणि आदराचे. इंग्रजीत ‘मी’ जेव्हा ‘जातो’ तेव्हा तो स्त्री आहे की पुरुष हे कळत नाही. मराठीत सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. यंत्र बहुधा ‘मी गेलो’ म्हणते. मराठी शिकणाऱ्या मुलीने ते तसेच उचलले तर ती पुरुषासारखी बोलू लागते, आणि आपण काही निवड केली आहे हे तिला कळलेलेही नसते, कारण निवड तिच्या आधी होऊन गेलेली असते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांतून एक उचलताना मराठी माणूस वय, नाते, राग, लाडीगोडी ह्या सगळ्यांचा हिशेब करतो. यंत्र सरसकट ‘तुम्ही’ म्हणून मोकळे होते. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ असे बोलणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्या घरांतील संवाद इंग्रजीच्या मध्यस्थीने दुसऱ्या भाषेत नेला की एका सर्वनामात साठवलेला सबंध गृहव्यवहार नाहीसा होतो.

तिसरे उणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्यासाठी पुन्हा नैयायिकांकडे जाणे भाग आहे. आठ साधनांतील ‘आप्तवाक्य’ म्हणजे काय? न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण सांगितले आहे : ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगावी अशी ज्याला इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांना सारखेच लागू आहे असेही तो पुढे म्हणतो. मोल्सवर्थ हा ह्या अर्थाने मराठीचा म्लेच्छ आप्त होता. त्याने जे जाणले ते सांगितले. आणि शब्द विरळ आहे, प्रांतिक आहे, फक्त कवितेत येतो, अशा आपल्या खुणांनी त्याने आपल्या जाणण्याची कडाही दाखवली. तुळपुळे आणि फेल्डहाउस ह्यांच्या १९९९ सालच्या प्राचीन मराठीच्या कोशात अर्थाबरोबर जुन्या ग्रंथातील स्थळ दिलेले असते. अर्थ पटला नाही तर वाचकाने त्या स्थळी जावे असा त्याचा आशय. यंत्राजवळ अशी कडा नसते. ते जेथे बरोबर असते आणि जेथे चूक असते तेथे त्याचा स्वर एकच असतो. अलीकडची संभाषणक्षम यंत्रे विचारल्यास शब्दाचे स्पष्टीकरण देतात, पर्याय देतात, म्हणजे विवृतीचे साधन त्यांनी आत्मसात केले आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु तेही विचारल्यावर, आणि काय विचारावे हे ज्याला आधीच थोडे कळते त्याला. नवशिक्याला नेमके तेच कळत नसते.

हे सारे परक्या शिकणाऱ्यापुरते असते तर त्याची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. परका शिकणारा मराठी माणसांत येऊन पडला की व्यवहार त्याला सुधारतो. चुकीचे ‘तुम्ही’ ऐकून कोणीतरी हसते आणि तो सावध होतो. परंतु मराठी शिकणारा कोण ह्याचे उत्तरच आता बदलले आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तो शिकणाऱ्यांपैकी असंख्य मुले मराठी घरांतली आहेत. त्यांना मराठी बोलता येते, थोडीफार. लिहावयाची वेळ आली की ती इंग्रजीत विचार करून वाक्य यंत्राला देतात आणि जे बाहेर येते ते वहीत उतरवतात. आजीच्या बोलण्यातली ‘मला मेलीला झोपच लागली’ ही मराठी एका कानाशी आणि ‘मी झोपी गेलो होतो’ ही यंत्राची मराठी वहीत, अशी त्यांची विभागणी होते. आणि गुण वहीला मिळतात. कँडीच्या काळी शिकणाऱ्याच्या साधनाने प्रमाणभाषा घडवली ती शिक्षणखाते, छापखाना, पंडितसभा ह्यांच्या वाटेने, तीस-चाळीस वर्षांत, आणि चिपळूणकरांसारख्यांच्या विरोधाला तोंड देत. आताच्या घडणीला कोणी कँडी नाही. विरोध करावयाचा तर तो कोणाच्या दारात जाऊन करावा हेही स्पष्ट नाही. यंत्राची मराठी वहीत, वहीतून महाजालावर, आणि महाजालावरून पुन्हा यंत्रात जाते. ह्या फेऱ्यात ज्या वाक्याला इंग्रजी प्रतिरूप नाही ते वाक्य हळूहळू कोणाच्याच कामाचे राहत नाही. आजीचे ते ‘मेलीला’ कोणत्या इंग्रजी शब्दाची जोडी म्हणून भांडारात जाणार आहे?

शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थ, वझे, दाते-कर्वे ह्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, बर्नसन ह्यांचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे पाचही कोश महाजालावर सर्वांना खुले केले आहेत. एखादा शब्द घेऊन ह्या पाचांतून फिरावे. कोणता अर्थ कोठे गळला, कोणता वाक्प्रचार मोल्सवर्थला माहीत होता आणि पुढच्याला नाही, ‘लागणे’ला किती पाने मिळाली हे पाहण्यात एक सबंध दुपार जाते. शाळेत मराठी शिकवणाऱ्यांनी हा उद्योग वर्गात करून पाहण्यासारखा आहे, आणि त्यासाठी यंत्राला बंदी करण्याचीही गरज नाही. यंत्राने दिलेले वाक्य फळ्यावर लिहून त्यातील प्रत्येक पद ह्या कोशांतून हुडकावे. एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की तेथील मुख्य शब्दांत ‘भावाला’ सापडत नाही. ‘भाव’ की ‘भाऊ’, हे मुलांना आपसांत ठरवून मगच शोधायला लागावे लागेल.